पाळण्याखालचा चिमटा

द्रानेला नवऱ्याचा राग यायला एरवी कारण लागत नसे. पण त्या नोव्हेंबरात कारण होतं आणि चांगलं भक्कम होतं. मंगळवारी दुपारी लोरोला पोलिसांनी कामावरून उचलून नेलं, आणि जाताना त्या बाबानं काय केलं, तर शेजारच्या कारागिराला सांगून गेला की अर्ध्यावर राहिलेल्या बादलीला कडी बसव. बायकोला निरोप नाही. काळजी कुणाची, तर बादलीची.

लोरो पत्र्याचं काम करायचा. उत्तरेकडच्या श्कोदर शहरातल्या कारागीर सहकारी संस्थेत त्याचा एक कोपरा होता. बादल्या, पन्हाळी, भाकरीची तसराळी, शेगड्यांची धुराडी, सगळं त्याच्या हातचं. माणूस उंच, किडकिडीत आणि बोलायला महाकंजूष. सव्वीस वर्षांच्या संसारात द्राने बोलत आली आणि तो हूं हूं करत आला, आणि हूं हूं करून झालं की स्वतःला जे करायचं तेच करत आला. तिचं डोकं फिरायचं ते यानंच. भांडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

सरकारनं चर्चं बंद केली त्याला सात वर्षं झाली होती. मशिदीही केल्या, कुणाला सोडलं नव्हतं. मोठ्या चर्चमध्ये आता व्हॉलीबॉल खेळत. फादर तुरुंगात, नाहीतर मातीत. घरात क्रूस सापडला तर नोकरी जायची, दुसऱ्यांदा सापडला तर माणूस जायचा. ईस्टरआधीच्या उपासात शुक्रवारी कँटीनमध्ये मुद्दाम मटण शिजायचं आणि ताट कोण बाजूला सारतंय ते बघायला एक माणूस कोपऱ्यात बसवलेला असायचा. द्राने तंबाखूच्या कारखान्यात होती. ती खायची. चांगलं दोनदा वाढून घ्यायची आणि घरी येऊन देवाची माफी मागायची. तिचा हिशेब साधा होता. देवाला आपलं मन दिसतं की नाही? दिसतं. मग तोंडानं काय म्हटलं आणि ताटात काय घेतलं हे बघत बसायला तो काय कोपऱ्यातला माणूस आहे?

लोरो मात्र शुक्रवारी घरून मक्याची भाकरी आणि कांदा न्यायचा. मटण का नको विचारलं तर म्हणायचा, "नको." पोट बिघडलंय म्हणायला काय जातं? पण नाही. नुसतं नको.

आणि मग ते बाप्तिस्म्याचं सुरू झालं. पलीकडच्या गल्लीत एक बाळ सातव्या महिन्यात जन्मलं, निळं पडलेलं. फादर आणणार कुठून? बाप्तिस्म्याविना गेलं तर काय, म्हणून त्याची आजी ऊर बडवून घेत होती. लोरो तिथं धुराडं बसवायला गेलेला. अडीनडीला कुणीही डोक्यावर पाणी ओतून ते शब्द म्हटले तरी चालतात हे अख्ख्या मोहल्ल्याला माहीत होतं, फक्त छाती कुणाची होत नव्हती. यानं हातोडी खाली ठेवली, कपात पाणी घेतलं आणि करून टाकलं. बाळ जगलं, आणि तेच नडलं. त्यानंतर मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची धुराडी बिघडायला लागली.

"अहो, माणसं काय आंधळी आहेत का?" द्राने म्हणायची. "भर उन्हाळ्यात कुणाचं धुराडं तुंबतं?"

"काजळी बाराही महिने धरते."

"तुम्हाला गोळी घालतील एक दिवस."

"हूं."

"हूं काय? आपल्या ज्युस्तेचं काय होईल? नर्सिंगचं एक वर्ष राहिलंय तिचं. अशा बापाच्या पोरीला कोण ठेवून घेईल दवाखान्यात?"

यावर तो हत्यारांची पेटी उचलून निघायचा. द्राने दारात उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहायची आणि तिला वाटायचं, हातातली कढई घालावी डोक्यात.

लेनाच्या घरी ती त्याच्याबरोबर गेली ती नाइलाजानं. लेना तिच्याच कारखान्यातली पोरगी, पहिलटकरीण, मुलगी झाली होती. बाळंतिणीच्या खोलीत एकटा पुरुष माणूस शिरला तर शेजारपाजार बघणार. बायको पेतुला, म्हणजे तिकडच्या फुगऱ्या पुऱ्या, तळून घेऊन बाळाला बघायला आली आणि नवरा तिला सोडायला आला, हे दिसायला बरं. म्हणून द्रानेनं सकाळी उठून पीठ भिजवलं, पेतुला तळल्या, तळता तळता नवऱ्याला शिव्या घातल्या, आणि गेली.

आता चिमट्याचं सांगायला हवं. बाप्तिस्मा होईपर्यंत बाळाच्या पाळण्याखाली चुलीतला लोखंडी चिमटा ठेवायचा, ही श्कोदरच्या कॅथलिक घरांतली रीत. बाळाला काही वाईट लागू नये म्हणून. पाणी पडलं की चिमटा उचलून परत चुलीपाशी. कायदा क्रुसावर होता, जपमाळेवर होता, चिमट्यावर नव्हता. म्हाताऱ्या बायांचं खूळ म्हणून सरकारी माणसंही हसून सोडून देत. त्यामुळे बाकी सगळं गेलं तरी चिमटा राहिला. मोहल्ल्यात कितीतरी पाळण्यांखाली तो महिनोन्‌महिने पडून असायचा, कारण उचलायचा कधी?

लेनाच्या खोलीत सगळं पाच मिनिटांत उरकलं. बाळ रडलंसुद्धा नाही. लेना डोळे पुसत होती, तिची सासू खिडकीशी पहाऱ्याला, लोरो कप विसळत होता. आणि द्रानेनं, कुठंही पसारा दिसला की हात गप्प बसत नाहीत अशा द्रानेनं, वाकून पाळण्याखालचा चिमटा उचलला आणि चुलीच्या खिळ्याला अडकवला. तिच्या आईनं तेच केलं असतं. आजीनंही तेच. झालं की उचलायचा.

दुसऱ्या दिवशी वितोरे आली. वितोरे म्हणजे मोहल्ल्यातल्या सरकारी आघाडीची सेक्रेटरी. लहानपणी मे महिन्यातल्या मिरवणुकीत द्राने आणि वितोरे एकाच रांगेत मेणबत्त्या धरून चालायच्या. आता वितोरे घराघरांतून फिरून कोण काय करतंय ते वर कळवायची. ती बाळाचं नाव लिहून घ्यायला आली, गोड बोलली, एक पेतुला खाल्ली. पाळण्याखाली बघितलं. चुलीकडे बघितलं. पाच दिवसांचं बाळ आणि चिमटा चुलीपाशी. दुसरा कुणी कार्यकर्ता असता, दक्षिणेकडचा, तर त्याला शंभर वर्षं कळलं नसतं. वितोरेला कळलं, कारण तीही त्याच पाळण्यातून उठलेली.

मंगळवारी लोरोला नेलं. गुरुवारी द्रानेला बोलावलं.

तपास अधिकारी वयानं ज्युस्तेपेक्षा फार मोठा नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि चिमट्याची हकीकत अगदी चवीनं सांगितली. स्वतःच शोधून काढल्यासारखी. "आता एवढंच सांग, मावशी," तो म्हणाला, "तो उचलला कोणी?"

द्रानेच्या हातातली कॉफी थंड झाली. "मला काय माहीत," ती म्हणाली. हे खोटं बोलताना तिला काही म्हणजे काही जड गेलं नाही.

"राहू दे. मला चिमटा नकोय, मला घरं हवीत. कुठल्या कुठल्या घरी पाणी घातलं, त्यांची नावं. आणि एकदा सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं की देव वगैरे काही नाही, मी लोकांना फसवलं. एवढं केलं तर दहा वर्षं. नाही केलं तर..." त्यानं खांदे उडवले. "तुझा नवरा बोलत नाही. तू बोलता कर त्याला. मी तुम्हाला भेटू देतो."

दहा वर्षं. द्राने तुरुंगाच्या दारात शिरताना तीच मोजत होती. लोरो बावन्नचा, दहा वर्षांनी बासष्टचा. बासष्टीला माणूस चांगला धडधाकट असतो.

त्याचा चेहरा सुजला होता आणि एक डोळा मिटला होता. मध्ये टेबल, दाराशी पहारेकरी. काय काय बोलायचं ते ती वाटेत ठरवत आली होती, पण तोंडातून आधी तेच बाहेर पडलं. "चिमटा मी उचलला. माझ्यामुळं झालं."

लोरो बघत राहिला, आणि मग हसायला लागला. फासळ्या दुखत असाव्यात, कारण हसता हसता कळवळला, आणि तरी हसत राहिला.

"मी तुम्हाला मारायला निघाले आणि तुम्ही हसताय?"

"सव्वीस वर्षं सांगतोय," तो म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात आवरत बसू नकोस."

तिला रडायचं होतं. त्यानं ओरडावं, दोष द्यावा, थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पण हा माणूस तिला नीट अपराधीसुद्धा वाटू देत नव्हता.

मग ती समजवायला लागली. जी घरं तुरुंगात गेलीच आहेत त्यांची नावं सांगा. मेलेल्यांची सांगा. आणि ते एक वाक्य, ते तर नुसतं बोलायचं आहे. वारा येतो आणि जातो, तसं. देवाला माहीत आहे तुम्ही कसे आहात. तो काय तुमची जीभ तपासत बसणार आहे?

"हूं," लोरो म्हणाला. "मागच्या पन्हाळीला गळती होती, ती कुणाकडून तरी करून घे. पावसात भिंत ओली होईल."

"मी तुमच्या जिवाचं बोलतेय आणि तुम्ही पन्हाळीचं?"

"भिंत पडेल, द्राने."

जानेवारीत दुसऱ्यांदा भेटू दिलं. तेव्हाही असंच. ती गयावया करून बोलली, चिडून बोलली, ज्युस्तेची शपथ घातली. त्यानं विचारलं, लाकडं पुरतायत का. घरी येताना तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. तळ्याकाठच्या रस्त्यानं ती एकटीच मोठ्यानं बोलत चालली होती आणि सायकलवाले वळून बघत होते. हट्ट, दुसरं काय. शहीद व्हायचंय याला. चित्रातल्या संतांसारखं डोक्यामागं तेजाचं वलय हवंय. बायको विधवा झाली तरी चालेल, पोरगी देशोधडीला लागली तरी चालेल, पण याचं ते एक वाक्य सोवळं राहिलं पाहिजे. तुला फक्त तोंड उघडायचंय रे बाबा. बाकी सगळं देव बघून घेईल.

मार्चमध्ये तिसरी भेट. या वेळी आधी तो बोलला, आणि हे इतकं नवलाचं होतं की ती गप्प ऐकत राहिली.

"खटला उघड्यावर करणार आहेत, सिनेमाच्या थिएटरात. तुला वर बोलावतील. कागद देतील. हा माझा नवरा नाही, मी त्याला सोडलं, तो लोकांचा शत्रू आहे, असं काहीतरी. वाच आणि मोकळी हो."

"मी?"

"तू वाचलंस तर ज्युस्तेचं शिक्षण पुरं होऊ देतील. घरही राहील. मला त्या तपासवाल्या पोरानं स्पष्ट सांगितलंय."

"तुम्हाला जे जमत नाही ते मी करायचं?"

"तुला जमेल," तो म्हणाला. "बोलायला तू कधी अडलीस?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. गालफडं बसलेली, दोन दात गेलेले. यात वाद घालायला काही नव्हतं. गेले चार महिने ती जे ओरडून सांगत होती तेच तो तिला सांगत होता. "म्हणेन," ती म्हणाली. आणि मनापासून म्हणाली.

कागद दोन दिवस आधी घरी आला. तीन वाक्यं होती. भांडी घासता घासता तिनं ती पाठ केली. ज्युस्ते राजधानीतल्या कॉलेजातून आली होती, ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती "नको" म्हणाली नाही, आणि द्रानेला ते बरं वाटलं. पोरगी निदान शहाणी निघाली. नंतर एकदा ज्युस्ते म्हणाली, "बाबांनीच सांगितलंय ना, आई?" द्राने म्हणाली, "हो, त्यांनीच." मग दोन दिवस दोघींचा आणि त्या कागदाचा स्वयंपाकघरातच मुक्काम.

थिएटर भरलं होतं. कारखान्यांतून माणसं कामाच्या कपड्यांतच आणली होती. पहिल्या रांगेत वितोरे, मांडीवर हात ठेवून. लेना कुठं दिसली नाही, तिला नवऱ्यासकट आधीच कुठंतरी हलवलं होतं. रंगमंचावर लाल कापडाचं टेबल, आणि बाजूला दोन शिपायांच्या मधे लोरो. त्याच्या कोटाची बटणं एक घर सोडून लावलेली होती. द्रानेला आधी तेच दिसलं.

तिचं नाव पुकारलं. ती गेली. कागद हातात घेतला, पाठ होता तरी घेतला.

"मी, द्राने, तंबाखू कारखान्यातली कामगार," तिनं वाचलं. आवाज स्वच्छ होता. "या माणसाशी, लोरोशी..."

उत्तरेकडच्या बाया चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे नाव तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच लोकांसमोर घेतलं होतं. ते बाहेर पडलं आणि पुढचं अडकलं. तिनं पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, पुन्हा तिथंच. पुढचे शब्द समोर छापलेले होते, मोठ्या अक्षरात. काय अवघड होतं? कुणी मुसक्या बांधल्या नव्हत्या. जीभ जागेवर होती. देवाला सगळं माहीत होतं. ज्युस्ते पाचव्या रांगेत बसली होती. द्रानेनं जोर लावला, घट्ट बसलेल्या बरणीच्या झाकणाला लावतात तसा, आणि काही म्हणजे काही निघालं नाही.

"वाचा, कॉम्रेड," अध्यक्ष म्हणाला.

"वाचतेय."

कुणीतरी खोकलं.

"द्राने," लोरो म्हणाला. शिपायांनी त्याला दाबलं, पण त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचलाच. "वाच ना. ठरलं होतं आपलं."

"तुम्ही गप्प बसा."

"अगं, तीन ओळी आहेत. काय एवढं?" तो उठून उभा राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता, आणि चेहरा असा लाल झाला होता की चार महिने मार खाऊनही झाला नसेल. "ज्युस्तेकडे बघ. पोरीकडे बघ जरा. मूर्खासारखा हट्ट करू नकोस."

"मी हट्ट करतेय?" द्राने म्हणाली. "तू खाली बस, लोरो."

मागच्या रांगांत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अध्यक्ष टेबलावर पेन आपटत होता. द्राने त्याच्याकडे वळली.

"यात लिहिलंय ते खरं नाही," ती म्हणाली. "हा माझा नवरा आहे. डोकेदुखी आहे, पण माझा आहे." आणि तिनं कागदाची नीट घडी घालून टेबलावर ठेवली. लोरोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. ते त्याचं शेवटचं दिसणं.

निकाल त्याच दुपारी लागला. अकराव्या दिवशी द्राने तुरुंगाच्या खिडकीशी भाकरी आणि लोकरी मोजे घेऊन गेली, तेव्हा आतल्या माणसानं बोचकं परत सरकवलं आणि सांगितलं की आता आणू नका. कुठं पुरलं ते विचारलं, तर त्यानं खिडकी लावून घेतली. रडायलाही सोय नव्हती. शत्रूसाठी शोक करणंही गुन्हा होता. मोहल्ल्यातल्या कुणी दारात पाय ठेवला नाही.

आठवड्यात ट्रक आला. ज्युस्तेचं नाव कॉलेजातून कमी झालं होतं. मायलेकींना दक्षिणेकडे दलदलीतल्या एका शेतावर पाठवलं. एक खोली, मातीची जमीन, सहा घरांत मिळून एक नळ. दिवसभर चर खणायचे. ज्युस्ते वाटेत बोलली नाही. पोचल्यावर बोलली नाही. आठ दिवस दोघी एकाच घोंगडीत झोपल्या आणि पोरगी आईकडे पाठ करून झोपली. द्राने हूं की चूं करत नव्हती.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चराच्या काठावर बसल्या होत्या. ज्युस्तेच्या तळहातांवरचे फोड फुटले होते आणि ती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तू वाचलं असतंस तर मी आज वॉर्डात असते."

"हो."

"बाबा तसेही जाणारच होते. तुझ्या न वाचण्यानं ते वाचले नाहीत."

"नाही वाचले."

"मग का, आई?"

द्रानेनं भाकरी खाली ठेवली. किती दिवस ती याच प्रश्नाशी झटत होती, आणि उत्तराऐवजी दर वेळी रागच यायचा. आत्ताही आला.

"मला वाटायचं तो मुद्दाम म्हणत नाहीये," ती म्हणाली. "चार महिने मी त्या माणसाला छळलं, ज्युस्ते. मार खाऊन यायचा माझ्यासमोर, आणि मी आणखी छळायचे. म्हण, म्हण, काय जातंय तुझं. आणि त्यानं मला पन्हाळीचं सांगितलं, लाकडांचं सांगितलं. एकदाही सांगितलं नाही की ते म्हणताच येत नाही."

मुकादमानं शिट्टी वाजवली. द्राने आधी उठली आणि पोरीला उठवायला तिनं हात पुढं केला, आणि बऱ्याच वेळानं ज्युस्तेनं तो, फोडांना जपत, मनगटापाशी धरला.